घरची वापरलेली गाडी स्वतः विकायची असेल तर

आमची गाडी विकायला काढली तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि १,४३,००० किलोमीटर पळलेली होती. तिच्या मागच्या सीटवर दोन मुलं लहानाची मोठी झाली होती. पहिला माणूस बघायला आला आणि त्याने विचारलं, "काही काम निघालंय का?" मी छातीठोकपणे म्हणालो, "छे, काहीच नाही." त्याने शांतपणे पुढच्या सीटसमोरची मॅट उचलली आणि खालच्या कार्पेटवर तळहात दाबला. हात ओला झाला. पाऊस पडला की पाणी आत झिरपतं हे मला ठाऊक होतं. त्याला कळणार नाही असं मी धरून चाललो होतो. तो भावसुद्धा न विचारता निघून गेला.

नंतर मेकॅनिकने पाहिलं तर पुढच्या काचेखालच्या पन्हळीत सुकी पानं साचून पाणी बाहेर जायची वाट तुंबली होती. अर्ध्या तासाचं काम. त्या अर्ध्या तासाच्या कामापायी एक चांगलं गिऱ्हाईक गेलं, आणि ते पाण्यामुळे गेलं नाही, माझ्या "काहीच नाही"मुळे गेलं.

जुन्या गाड्यांच्या बाजाराचं हे दुखणं अर्थशास्त्रात प्रसिद्ध आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली ते याच बाजाराचं उदाहरण घेऊन मांडलं आणि पुढे २००१ साली त्यांना नोबेलही मिळालं. मुद्दा सोपा आहे. गाडीची खरी हालत विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा प्रत्येक गाडीत काहीतरी लपवलेलं असणारच असं धरून भाव पाडून मागतो. ज्याची गाडी खरोखर चांगली आहे त्याला तो भाव परवडत नाही, तो बाजारातून बाहेर पडतो, आणि उरतात त्या बहुतेक रडक्या गाड्या. म्हणजे तुम्ही नीट जपलेली गाडी घेऊन बाजारात उतरलात तरी समोरचा आधी तुमच्यावर शंका घेणार आणि त्या शंकेचे पैसे तुमच्याच भावातून कापणार. खाली जे जे सांगितलं आहे, ते करताना एवढंच डोक्यात ठेवा की आपल्याला त्याची शंका एकेक करून कमी करायची आहे.

स्वतः विकायची की व्यापाऱ्याला द्यायची

जुन्या गाड्यांचा व्यापारी तुम्हाला कमी पैसे देतो, कारण त्याला गाडी तयार करायची असते, जागेचं भाडं असतं, पुढच्या गिऱ्हाइकाला काही हमी द्यायची असते आणि त्यावर नफाही हवा असतो. स्वतः विकलीत तर यातला मोठा वाटा तुमच्याकडे राहतो. त्याबदल्यात दोन-तीन आठवड्यांच्या संध्याकाळी, वीस-पंचवीस फोन आणि थोडी डोकेदुखी तुमची.

सुरुवातीला एखाद्या व्यापाऱ्याकडून किंवा ऑनलाइन गाडी विकत घेणाऱ्या कंपनीकडून आकडा घेऊन ठेवा, मग विकायचं स्वतःच पक्कं असलं तरी. तो तुमचा तळ. त्याखाली कोणी आलं तर बोलणं लांबवायचं कारण नाही. मात्र गाडीचं इंजिन किंवा गिअरबॉक्स खरोखर जायला आला असेल, तर सरळ व्यापाऱ्यालाच द्या आणि जे आहे ते सांगून द्या. असली गाडी एखाद्या कुटुंबाच्या गळ्यात मारून रात्री झोप लागत असेल, तर पुढचा लेख तुमच्यासाठी नाही.

कागद आधी, पाण्याची बादली नंतर

बहुतेक लोक गाडी धुण्यापासून सुरुवात करतात. मी कागदांपासून करायला सांगेन, कारण धुण्याला अर्धा दिवस लागतो आणि हरवलेल्या कागदाची नक्कल काढायला कधी कधी महिनाही लागतो. ठरलेला सौदा कागदावर अडकला की गिऱ्हाईक थंड होतं.

नोंदणीचं प्रमाणपत्र, चालू विमा, प्रदूषण किंवा तांत्रिक तपासणीचा दाखला लागत असेल तर तो, आणि कर भरल्याचा पुरावा, हे एका जाड फाइलमध्ये लावा. गाडी कर्जावर घेतली होती का? हप्ते कधीच संपले असले तरी बँकेचा बोजा नोंदणीवर तसाच राहिलेला असतो, हे अनेकांना विकायच्या दिवशी कळतं. बँकेकडून कर्जफेडीचं पत्र घ्या आणि बोजा उतरवून घ्या. न भरलेले दंड तपासून भरून टाका.

मग बॉनेट उघडा आणि गाडीवर कोरलेला चासी क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी एकेक अक्षर लावून पाहा. हल्लीच्या गाड्यांना हा क्रमांक सतरा अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही रोमन अक्षरं मुद्दाम वापरलेली नसतात, म्हणजे एक आणि शून्याशी घोटाळा नको. तरीही कारकुनाच्या हातून चूक होते. ती तुम्हाला सापडली तर दुरुस्त करता येते. गिऱ्हाइकाला सापडली तर त्याला गाडी चोरीची वाटते.

याच फाइलमध्ये सर्व्हिसची बिलं तारखेनुसार लावा. सर्व्हिस बुकातल्या नुसत्या शिक्क्यांपेक्षा बिलं बोलकी असतात, कारण त्यावर तारीख, किलोमीटर आणि बदललेले भाग असं सगळं येतं. बिलांवरचे किलोमीटर ओळीने चढत गेलेले दिसले की मीटर मागे फिरवल्याची शंका आपोआप मिटते. इंजिनात टायमिंग बेल्ट असेल आणि तो कंपनीने सांगितलेल्या वेळी बदलला असेल, तर ते बिल सगळ्यात वर ठेवा. बऱ्याच इंजिनांत हा पट्टा तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनच खोलावं लागतं, म्हणून जाणकार माणूस पहिल्यांदा तेच विचारतो. बिलं हरवली असतील तर नेहमीच्या गॅरेजला फोन करा. त्यांच्या संगणकात जुना इतिहास बहुधा असतो.

आणि दुसरी किल्ली शोधा. आजच शोधा.

काय दुरुस्त करायचं, काय तसंच सोडायचं

विकायच्या गाडीवर केलेला खर्च क्वचितच पूर्ण वसूल होतो. नवीन टायरचा जोड घातला म्हणून कोणी तेवढे पैसे वाढवून देत नाही. पण फुटका दिवा, फाटलेला वायपर, न उघडणारी मागची काच, किरकिरणारं दार या गोष्टी दुरुस्तीला स्वस्त आणि भावाला महाग पडतात. समोरचा मनात म्हणतो, साधा बल्ब बदलला नाही, मग ऑइल तरी वेळेवर बदललं असेल का? अशा किरकोळ गोष्टी सगळ्या करून घ्या. ब्रेकचं काम निघत असेल तर तेही करा, कारण चाचणीला गाडी अनोळखी माणसाच्या हातात द्यायची आहे आणि शेजारी तुम्हीच बसणार आहात.

बंपरचे ओरखडे, दारावरचा पार्किंगमधला डेंट, सीटवरचा एखादा न निघणारा डाग, हे मात्र सोडून द्या. जुन्या गाडीवर एकच नवाकोरा रंगवलेला पत्रा दिसला की अपघाताची शंका येते. लोक हल्ली रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र घेऊन येतात. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या घरात असतो. पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावर आकडा वर जातो आणि खळगा भरायला लावलेल्या लांबीवर (पुट्टीवर) तर कित्येक पटींनी. गाडी पूर्वी ठोकली गेली असेल तर कुठे आणि किती, हे आपणच सांगावं, दुरुस्तीचं बिल असेल तर दाखवावं.

डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागलेला असेल तर एक मोह होतो: गॅरेजमध्ये जाऊन तो पुसून आणायचा, म्हणजे दोष तसाच ठेवून नुसता दिवा विझवायचा. तसं करू नका. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला निदानाचं सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ते सक्तीचं झालं, आणि आता जवळपास सगळीकडेच ते दिसतं. त्याला लावायचा स्कॅनर आणि मोबाइलमधलं ॲप आज कोणाकडेही असतं. दिवा पुसला की गाडीच्या स्वतःच्या अंतर्गत चाचण्याही शून्यावर जातात आणि काही दिवस चालवल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत. स्कॅनरवर "चाचण्या अपूर्ण" दिसलं की काल-परवा काहीतरी पुसलंय हे शहाण्याला लगेच समजतं. दोष काढा, नाहीतर दोष सांगा.

बॅटरीचं स्वतः पाहता येतं. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या साध्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. इंजिन चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत आकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान गेला पाहिजे, नाहीतर चार्जिंगकडे बघायला हवं. गिऱ्हाईक दारात उभं असताना गाडी सुरूच न होणं यासारखी नामुष्की नाही.

टायरचं वय त्याच्या बाजूवर लिहिलेलं असतं. चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की खोली १.६ मिलिमीटर उरली, म्हणजे टायर संपला. टायर आतल्या कडेनेच झिजला असेल तर अलाइनमेंट करून घ्या. त्याला खर्च कमी येतो आणि चाचणीत गाडी एका बाजूला ओढत नाही. स्टेपनीतली हवाही बघा. आमच्या स्टेपनीत ती बहुधा पाच वर्षं कोणी भरली नव्हती.

कंपनीने त्या मॉडेलची गाडी कधी दोष दुरुस्तीसाठी परत बोलावली होती का, हे चासी क्रमांकावरून कंपनीकडे विचारता येतं. काम राहिलं असेल तर ते सहसा फुकट होतं.

कुटुंबाची गाडी धुणं हा वेगळाच प्रकार

एकट्या माणसाची गाडी आणि मुलाबाळांची गाडी यांत फरक सीटखाली दिसतो. आम्हाला तिथे बिस्किटांचा भुगा, तीन पेन्सिली, वितळून कार्पेटात मुरलेला मेणाचा खडू आणि दोन वर्षांपूर्वी हरवलेली चष्म्याची डबी सापडली. सीट पूर्ण पुढे-मागे सरकवा, पट्टे पूर्ण बाहेर ओढून पुसा, मुलांच्या सीटमुळे पडलेल्या खळग्यांवर ओलसर कापड ठेवून सीटच्या कापडाला वाफ द्या. डिक्कीतलं फळकूट उचलून स्टेपनीची जागाही कोरडी करा, अनुभवी माणूस तिथेच पाणी आणि गंज शोधतो.

वासाचा बंदोबस्त मुळापासून करावा लागतो. एसीचा केबिन फिल्टर बदलला की निम्मा कुबट वास जातो, आणि बऱ्याच गाड्यांत तो घरच्या घरी बदलता येतो. ओलावा असेल तर पाणी कुठून येतं ते शोधा: दारांच्या रबर पट्ट्या, सनरूफच्या नळ्या, काचेखालची पन्हळ. सुगंधी फवारे मारून गाडी दाखवू नका. उग्र सुगंध आला की माणूस विचार करतो, खाली काय दडपलंय?

इंजिनाच्या बाबतीतही तेच. धूळ फडक्याने पुसा, पाण्याचा जोरदार फवारा मारू नका. एक तर विजेच्या जोडण्यांत पाणी शिरतं, आणि बारा वर्षांच्या गाडीचं इंजिन आरशासारखं चमकलं तर ऑइलची गळती धुऊन टाकली असंच समोरच्याला वाटतं. ही सगळी सफाई फोटोंच्या दोन दिवस आधी उरका, म्हणजे कार्पेट आतपर्यंत वाळेल.

फोटो

सकाळी किंवा उन्हं कलताना, मोकळ्या जागेत, मागे काही गर्दी नसेल असे फोटो काढा. चारही कोपऱ्यांतून, दोन्ही बाजूंनी, आतून पुढची-मागची सीट, डिक्की, इंजिन, चारही टायर, आणि इंजिन चालू असताना मीटर, म्हणजे किलोमीटरही दिसतात आणि कुठला दिवा लागलेला नाही हेही दिसतं. वीस-पंचवीस फोटो जास्त होत नाहीत. ओल्या गाडीचे फोटो नकोत, पाण्याखाली ओरखडे लपतात आणि हे सगळ्यांना माहीत असतं.

यानंतर जे लोक टाळतात ते करा: प्रत्येक ओरखड्याचा, डेंटचा, डागाचा फोटो, शेजारी नाणं ठेवून, म्हणजे आकार कळेल. माझ्या बायकोचा याला विरोध होता. ती म्हणाली, मुलीचं स्थळ दाखवताना कोणी तिचे दोष आधी वाचून दाखवतं का? पण झालं असं की नंतर आलेल्या प्रत्येकाने आल्या आल्या ते डेंट शोधून काढले, फोटोत होते तेवढेच आहेत हे पाहिलं, आणि बाकी गाडी त्याच नजरेने, म्हणजे विश्वासाने पाहिली.

नंबरप्लेट झाका आणि घराचा नंबर, दार, गेट फोटोत येऊ देऊ नका.

किंमत आणि जाहिरात

तुमच्याच मॉडेलच्या, त्याच इंधनाच्या, एक वर्ष पुढे-मागे असलेल्या, साधारण तितकेच किलोमीटर झालेल्या दहा-बारा जाहिराती वहीत उतरवून घ्या. आठवड्याने पुन्हा बघा. ज्या तशाच आहेत, त्यांचा भाव बाजाराला पटलेला नाही. ज्या गेल्या, त्या भावाच्या आसपास बाजार आहे. जाहिरातीतला आकडा हा मागितलेला आकडा असतो, मिळालेला नाही, हे विसरू नका. आठवणींचे पैसे कोणी देत नाही, आणि नंतर बसवलेल्या म्युझिक सिस्टिमचे जवळजवळ देत नाही. मीटरवर मोठा आकडा दिसला म्हणून घाबरायचंही कारण नाही. लांबच्या रस्त्यावर एका गतीने झालेल्या किलोमीटरांनी इंजिन, क्लच, ब्रेक कमी झिजतात, रोज शहरात थांबत-थांबत झालेल्यांनी जास्त. तुमचे कसे झालेत ते जाहिरातीत लिहा.

मग तीन आकडे ठरवा: मागायचा, मिळाला तर आनंद होईल असा, आणि ज्याखाली द्यायची नाही असा. तिसरा कागदावर लिहून घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या, म्हणजे गिऱ्हाइकासमोर तो विरघळणार नाही. मागायच्या आकड्यात घासाघिशीला थोडी जागा ठेवा, पण थोडीच. शंभरला द्यायची गाडी एकशे तीसला लावली तर शंभर देणारा फोनच करत नाही. आणखी एक, लोक शोधताना "अमुक रकमेपर्यंत" अशी चाळणी लावतात. तुमचा आकडा त्या गोल रकमेच्या किंचित वर असेल तर तुम्ही चाळणीत अडकता. किंचित खाली या.

जाहिरातीत "नव्यासारखी", "एक नंबर कंडिशन", "पाहाल तर प्रेमात पडाल" यातलं काही नको. आमची जाहिरात साधारण अशी होती:

"बारा वर्षांची, १,४३,००० किलोमीटर, पहिलेच मालक. बहुतेक प्रवास महामार्गावर. सर्व बिलं उपलब्ध, टायमिंग बेल्ट १,१०,००० ला बदलला. पुढचे टायर दीड वर्षाचे, मागचे अजून वर्षभर चालतील. एसी चांगला थंड होतो. दोष: मागच्या डाव्या दारावर डेंट, बंपरवर ओरखडे, मागच्या सीटवर खडूचा डाग (सगळ्याचे फोटो दिले आहेत). पुढे डाव्या बाजूला पाणी झिरपत होतं, मागच्या महिन्यात दुरुस्त केलं, बिल आहे. कुटुंब वाढल्याने मोठी गाडी घेतली. दोन्ही किल्ल्या आहेत. कर्ज नाही."

गाडी का विकताय, हे एका वाक्यात लिहाच. नाहीतर ते कारण समोरचा स्वतः कल्पनेने भरतो.

फोन

पहिल्या पाच मिनिटांत "शेवटचा भाव बोला" असं विचारणारे बहुतेक व्यापारी किंवा रिकामटेकडे असतात. उत्तर एकच ठेवा: आधी गाडी बघा, मग बोलू. खरं गिऱ्हाईक गाडीबद्दल विचारतं.

फसवणारे काही ठरावीक चालींनी येतात. गाडी न बघता पूर्ण भाव कबूल करणारा आणि "मी बाहेरगावी आहे, माझा माणूस येऊन नेईल" म्हणणारा. चुकून जास्त पैसे पाठवल्याचं सांगून फरक परत मागणारा, ज्याचे मूळ पैसे कधीच येत नाहीत किंवा आलेले उलटतात. अमुक वेबसाइटवरूनच गाडीचा अहवाल विकत घ्या म्हणून आग्रह धरणारा, ती वेबसाइट त्याचीच असते. आणि पैसे पाठवण्यासाठी तुमच्याच फोनवर आलेला कोड किंवा पिन मागणारा. पैसे मिळण्यासाठी आपला पिन किंवा ओटीपी कधीच द्यावा लागत नाही, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, कारण फोन तुम्हीच उचलाल असं नाही.

गाडी दाखवायच्या दिवशी

दिवसाउजेडी आणि माणसांची वर्दळ असलेल्या जागी बोलवा. बरोबर कोणीतरी असू द्या. इंजिन थंड ठेवा. आधीच चालू करून गरम केलेलं इंजिन म्हणजे थंड असताना सुरू होताना काहीतरी अडचण आहे असा अर्थ लावला जातो, आणि बॉनेटला हात लावून बघणारे खूप असतात.

चाचणीआधी परवाना बघा, त्याचा फोटो घ्या, चेहरा जुळतो का पाहा. तुमच्या विम्यात दुसऱ्याने चालवलेली गाडी बसते का, हे विमा कंपनीला आधीच विचारलेलं असावं. सुरुवातीला तुम्ही चालवा, मग जागा बदला, आणि जागा बदलताना इंजिन बंद करून किल्ली खिशात घाला. गाडी पळवण्याचा सोपा क्षण तोच, दोघंही बाहेर आणि इंजिन चालू. बिनकिल्लीची, बटणाची गाडी असेल तर रिमोट शरीराजवळ ठेवा. रस्ता आधी ठरवून ठेवा, त्यात एखादा चढ, थोडा खराब भाग आणि थोडा वेगाचा भाग असावा. आणि चाचणीत बोलू नका. मी पहिल्या दोघांना इतकं काही सांगत बसलो की त्यांना इंजिनच ऐकू आलं नाही, आणि माणूस बोलून आवाज झाकतोय असं त्यांना वाटलं असेल तर त्यात नवल नाही.

एक डाव खास सांगून ठेवतो. दोघं-तिघं येतात, एक जण तुम्हाला मागे डिक्कीकडे किंवा कागदांत गुंतवतो आणि दुसरा उघड्या बॉनेटपाशी कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीत गुपचूप थोडं तेल टाकतो. मग "अहो, कूलंटमध्ये ऑइल आलंय, हेड गॅस्केट गेलं" असं म्हणून, म्हणजे इंजिनचं मोठं काम निघालंय असं भासवून, निम्म्या भावात गाडी मागतात. उघड्या बॉनेटपासून हलू नका. शंका आलीच तर त्या दिवशी सौदा करू नका, आपल्या मेकॅनिककडे जा.

गिऱ्हाइकाने स्वतःचा मेकॅनिक आणायचं म्हटलं तर आनंदाने हो म्हणा. खर्च त्याचा, पण गॅरेजपर्यंत गाडी तुम्ही न्या. नकार दिलात तर इथवर केलेली सगळी मेहनत पाण्यात जाते.

घासाघीस

दोषांची यादी जाहिरातीत असण्याचा खरा फायदा इथे मिळतो. डेंटवर बोट ठेवून कोणी भाव पाडायला लागलं की शांतपणे म्हणायचं, "तो धरूनच आकडा लावलाय." समोरच्याने आकडा टाकला की लगेच उत्तर देऊ नका, पाच-दहा सेकंद गप्प राहा. बरेच जण त्या शांततेत स्वतःच थोडे वर येतात. कमी करायचं तर एकदाच करा आणि त्याबदल्यात काही मागा, उदाहरणार्थ आजच इसार आणि दोन दिवसांत पूर्ण पैसे. पायरी पायरीने उतरणाऱ्याचा तळ कुठे आहे हे समोरचा चाचपडतच राहतो.

नातेवाईक किंवा ऑफिसातले कोणी घ्यायला निघाले तर उलट करा: दोष दुप्पट स्पष्ट सांगा आणि मेकॅनिककडून तपासून घ्यायलाच लावा. गाडी विकून झाल्यावरही तोंड रोज दिसणार आहे.

पैसे

इसार घेतलात तर दोन ओळी लिहून घ्या: किती घेतला, उरलेले कधीपर्यंत, आणि सौदा मोडला तर तो परत द्यायचा की नाही. इसार हातात आल्याशिवाय जाहिरात उतरवू नका, "उद्या नक्की येतो" म्हणणाऱ्यांपैकी निम्मे येत नाहीत.

पूर्ण रक्कम बँकेतून बँकेत घेणं सगळ्यात बरं. त्याच्या फोनवरचा स्क्रीनशॉट किंवा तुम्हाला आलेला संदेश हा पुरावा नाही. तुमचं बँकेचं ॲप तुम्ही स्वतः उघडायचं आणि शिल्लक वाढलेली दिसली की मगच किल्ली द्यायची. डिमांड ड्राफ्टसुद्धा बनावट असू शकतो, त्यामुळे बँकेत फोन करून खात्री करा, आणि तो नंबर ड्राफ्टवरून न घेता स्वतः शोधा. रोख असेल तर व्यवहार बँकेच्या काउंटरपाशीच करा. म्हणून हे सगळं बँका उघड्या असतील अशा दिवशी, सकाळी ठेवावं. शुक्रवारी संध्याकाळी घाई करणारा माणूस सोमवारपर्यंत थांबू शकतो.

हवाली करताना

विक्रीपत्राच्या दोन प्रती करा, दोन्हींवर दोघांच्या सह्या. त्यात दोघांची नावं-पत्ते, चासी क्रमांक, मीटरचे किलोमीटर, रक्कम, सांगितलेले दोष, गाडी "आहे त्या स्थितीत" विकल्याचं वाक्य, आणि तारखेबरोबर वेळही घाला. अकरा वाजता दिलेली गाडी साडेअकराला सिग्नल तोडू शकते आणि कॅमेऱ्याला नाव तुमचंच माहीत असतं. ओळखपत्राची प्रत दिलीत तर तिच्यावर "फक्त या गाडीच्या विक्रीसाठी" आणि तारीख असं आडवं लिहा.

नोंदणी हस्तांतराची सूचना तुम्ही स्वतः द्या आणि पोच घ्या. "मी करून घेईन" यावर अवलंबून राहू नका. नोंदणीवरून नाव उतरेपर्यंत दंड, टोल, आणि वाईट प्रसंगी अपघाताची नोटीसही तुमच्याच दारात येऊ शकते. विमा मात्र चाचण्या चालू असताना बंद करू नका, गाडी गेल्यावर कंपनीला कळवा. दावा न केल्याबद्दल मिळालेली सवलत बऱ्याच ठिकाणी नव्या गाडीवर नेता येते, ती विचारून घ्या. टोलचा टॅग काचेवरून काढून बंद करा, नाहीतर दुसऱ्याच्या सहलीचा खर्च तुमच्या खात्यातून जात राहतो.

गाडीच्या पोटातली तुमची माहितीही काढायची आहे. स्क्रीनच्या सिस्टिममध्ये फोनबुक, कॉलची यादी, नकाशात "घर" म्हणून साठवलेला पत्ता असतो. जोडलेले सगळे फोन काढा आणि सिस्टिम मूळ स्थितीत आणा. गाडी मोबाइल ॲपला जोडलेली असेल तर आपलं खातं तिथून काढायलाच हवं, नाहीतर विकलेली गाडी कुठे उभी आहे हे तुम्हाला महिनोन्‌महिने दिसत राहील, आणि ते दोघांसाठीही बरं नाही. डॅशकॅमचं कार्ड, गेटचा रिमोट, डॅशबोर्डच्या कप्प्यातली जुनी बिलं काढून घ्या.

आणि जे गाडीबरोबर जायला हवं ते मोजून द्या: दोन्ही किल्ल्या, पुस्तिका, रेडिओचा कोड असेल तर तो, जॅक, पाना, ओढायचा हूक. चाकांना चोरीविरोधी नट असतील तर त्यांची छोटी किल्लीही. ही शेवटची मला आठवली नाही. गाडी दिल्यावर चौथ्या दिवशी नव्या मालकाचा फोन आला, टायर पंक्चर, गाडी रस्त्याच्या कडेला, आणि नट काही उघडत नाहीत. ती किल्ली माझ्या कपाटात, सुट्या स्क्रूंच्या डब्यात होती. मी नव्या गाडीने ती घेऊन गेलो आणि चाक आम्ही दोघांनी मिळून बदललं.